वाङ्मयाचे सोवळे आणि थायी जन्मदाखला

मराठीच्या प्राध्यापकांच्या बैठकीत भाषांतराचा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी 'अननुवाद्यता' हा शब्द उच्चारतो. कवितेचे भाषांतर मुळात संभवते का, अहिराणीतील म्हण प्रमाण मराठीत आणताना तिचा कस राहतो का, या प्रश्नांवर चर्चासत्रे झडतात, शोधनिबंध वाचले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात. हे सर्व प्रश्न खरे आहेत आणि त्यांविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु पाचोऱ्यातील एखादे कुटुंब परदेशात जन्मलेल्या आपल्या लेकराचा दाखला हातात घेऊन 'हा कोणाकडून उतरवून घ्यावा?' असे विचारीत निघाले, तर त्याला महाविद्यालयाच्या मराठी विभागाचा रस्ता दाखविणारा माणूस गावात भेटणार नाही. लोक त्याला तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे, ई-सेवा केंद्राकडे किंवा नोटरीच्या टेबलाकडे पाठवतील. लोकांचे यात काही चुकत नाही. ज्या विभागाने दाखला, अर्ज, नोंद यांना पिढ्यानपिढ्या 'कारकुनी' म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या विभागाकडे लोकांनी का जावे? आमचे म्हणणे एवढेच की हा उंबरा वाङ्मयाने घातलेला नाही. वाङ्मयाच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या सोवळ्याने घातला आहे, आणि त्याची किंमत मात्र दुसरेच कोणी मोजते आहे.

वाद हवेत राहू नये म्हणून एकच कागद समोर ठेवू. थायलंडमध्ये जन्मलेल्या भारतीय बालकाचा जन्मदाखला. खानदेशाला हे उदाहरण दूरचे वाटण्याचे कारण नाही. जळगाव सोन्याच्या व्यापारासाठी ओळखले जाते, बँकॉक रत्नांच्या व्यापारासाठी. आणि नोकरीधंद्यासाठी देशाबाहेर गेलेली मुलेमुली आज प्रत्येक तालुक्यात आहेत. अशा एखाद्या दांपत्याला तिकडे मूल झाले, तर थायलंडच्या १९९१च्या नागरी नोंदणी कायद्यानुसार पंधरा दिवसांच्या आत जन्माची वर्दी द्यावी लागते आणि मग दाखला मिळतो. तो थायी भाषेत, थायी लिपीत असतो. आईबाप दोघेही परकीय आणि तात्पुरत्या वास्तव्याला असतील, तर तिथे जन्मल्यामुळे मुलाला थायी नागरिकत्व मिळत नाही. इकडे आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ४ सांगते की ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी हवी. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांनी लिहून द्यायचे असते. म्हणजे ज्या मुलाला एक देश आपला म्हणत नाही आणि दुसऱ्याने अजून म्हटलेले नाही, त्याच्या हातातला पहिला पुरावा हा एक कागद आहे. त्याचे इंग्रजी भाषांतर होते, ते प्रमाणित करून घ्यावे लागते, त्यावरून वकिलातीत नोंद होते आणि पासपोर्ट निघतो. कुटुंब कायमचे परतले आणि मुलाची तशी नोंद झालेली नसली, तर १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे कलम २० मूल भारतात पोचल्यापासून साठ दिवसांच्या आत येथील निबंधकाकडे नोंद करण्याची सोय देते. तेव्हा तीच माहिती नगरपरिषदेच्या वहीत मराठीत उतरते. मराठी नाव थायी लिपीत गेले, तेथून रोमन लिपीत, आणि रोमनमधून पुन्हा देवनागरीत आले. एका बालकाच्या नावाने एवढा प्रवास केला आणि वाटेत प्रत्येक मुक्कामावर एकेका भाषांतरकाराने त्याला हात लावला.

या कागदात भाषांतर करण्यासारखे काय असते, असे विचारणाऱ्या आमच्या विद्वान मित्रांनी तो एकदा वाचून पाहावा. दाखल्याचे थायी नावच मुळी 'सूतिबत' असे आहे. यातील 'सूति' म्हणजे प्रसूतीतील सूती, आणि 'बत' म्हणजे आपले पत्र. वडिलांच्या रकान्यावर 'बिदा' असते, तो पिता. आईच्या रकान्यावर 'मान्दा', ती माता. वयाला 'आयु', वेळेला 'वेला'. महिन्यांची नावे पाहिली तर जानेवारी 'मकराखोम', फेब्रुवारी 'कुम्फाफन', मार्च 'मीनाखोम': मकर, कुंभ, मीन. देववंश नावाच्या राजपुत्राने १८८९ मध्ये ही नावे राशींवरून घडवली. ज्यांच्या शेवटी 'खोम' ते महिने एकतीस दिवसांचे, ज्यांच्या शेवटी 'योन' ते तीस दिवसांचे. पहिल्यात आगम आहे, दुसऱ्यात अयन. पाली आणि संस्कृत या भाषांनी थायी भाषेच्या राजदरबारी आणि धार्मिक शब्दसंग्रहात जे घर केले, त्याचा एवढा नेटका नमुना एका सरकारी छापील कागदावर मिळतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याच निर्णयात पालीलाही तो दिला. त्या दिवशी आनंदोत्सव करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते की पालीचे शब्द आजही परदेशी नवजात बालकाच्या दाखल्यावर रोज छापले जातात?

परंतु ओळखीचे शब्द दिसले म्हणून हरखून जाणे हा भाषांतरातला पहिला खड्डा आहे. त्याच दाखल्यावर 'सनछात' नावाचा रकाना असतो. त्यातील 'छात' म्हणजे व्युत्पत्तीने आपली जातीच. अर्थाने मात्र ते राष्ट्रीयत्व आहे. ज्या राज्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात-पोटजातीचा रकाना असतो, तेथील वाचकाला हा शब्द कोणत्या दिशेला ओढून नेईल हे सांगायला नको. 'प्रथेत' म्हणजे प्रदेश. पण थायीत तो शब्द देशासाठी वापरतात. लिंगाच्या रकान्यावर 'फेत' असते. व्युत्पत्तीने तो वेष. आपल्याकडे महाजन हे आडनाव घरोघरी आहे. थायीत 'महाछोन' म्हणजे सर्वसाधारण जनता, आणि भागभांडवल जनतेला खुले असलेल्या कंपन्यांच्या नावापुढे कंसात हाच शब्द लावतात. शब्द एकाच माहेरचे, पण सासरी गेल्यावर प्रत्येकाचा संसार वेगळा झाला. अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थांतर हे भाषाविज्ञानाच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातले विषय आहेत. एम.ए.चा विद्यार्थी त्यांची उदाहरणे तोंडपाठ करतो आणि परीक्षेत दहा गुण मिळवतो. ती उदाहरणे ज्या कागदावर जिवंत आहेत आणि जिथे चुकल्यास एका मुलाच्या राष्ट्रीयत्वाच्या जागी भलताच शब्द पडू शकतो, तो कागद मात्र त्याच्यापुढे कधी येत नाही.

यापुढचा खड्डा लिपीचा. थायी लिपी ब्राह्मीच्या कुळातली. ख्मेर लिपीच्या मार्गाने ती तिथवर पोचली. तिने संस्कृत शब्दांचे लेखन पुष्कळसे जपले, उच्चार मात्र आपल्या घशाप्रमाणे बदलून घेतले. दिवंगत राजाचे नाव लिहिताना भूमिबल अतुल्यतेज असे आहे, ऐकू येते ते 'फूमिफोन अदुन्यदेत'. बँकॉकचा विमानतळ लिहायला सुवर्णभूमी, बोलायला 'सुवन्नफूम'. शब्दाच्या शेवटी येणारा ल थायी तोंडात न होतो, म्हणूनच बलाचा 'फोन' झाला. आता याच नियमाखाली आपले पाटील ठेवून पाहा. आईबापांच्या पासपोर्टवरून थायी कारकुनाने ते आडनाव बिनचूक अक्षरांत लिहिले, तरी शेवटच्या ल मुळे ते 'पातिन' असे वाचले जाईल. थायी सरकारच्या अधिकृत रोमन लिप्यंतराच्या पद्धतीने कुणी ते यांत्रिकपणे इंग्रजीत उतरवले, तर कागदावर 'पातिन' हेच उमटेल. तो कागद पाचोऱ्यात आला, मराठी वहीत चढला, म्हणजे पाटलाच्या पोटी पातिन जन्मल्याची सरकारी नोंद झाली! माळी आडनावाची गत निराळी. ळ इंग्रजीच्या दारातच गळून पडतो. थायीत पोचतो तो 'माली', आणि 'माली' हे तिकडे बाईचे नाव असते. परतीच्या वाटेवर इंग्रजीतून देवनागरीत येताना त्याचा पुन्हा माळी होईल याची हमी कोण देणार? जाणता भाषांतरकार अशा वेळी आईबापांचे पासपोर्ट मागून घेतो आणि नावे त्यांच्याशी जुळवतो. दाखल्यातला बाकीचा मजकूर अर्थाने उतरवायचा आणि नाव मात्र मुळाकडे परत न्यायचे, हे त्याला कळते. ही विद्या कोणत्या छापील नमुन्यात नसते. लेखन आणि उच्चार यांतले अंतर ज्याने अभ्यासले, त्याच्याकडे ती असते.

नावांची गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही. थायी मुलाच्या नावाआधी 'देक छाय' किंवा 'देक यिंग' लिहितात, आपल्या चि. आणि कु. सारखी ती उपाधी आहे, नावाचा भाग नव्हे. थायलंडमध्ये आडनाव सक्तीचे झाले ते १९१३च्या कायद्याने, वज्रायुध राजाच्या कारकिर्दीत. त्याने स्वतः अनेक घराण्यांना आडनावे बहाल केली. तेथील नावाचा सांगाडा नाव आणि आडनाव असा दुपदरी आहे. आपला तिपदरी, मध्ये बापाचे नाव. आणि महाराष्ट्र शासनाच्या २०२४च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदांवर बालकाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा चौपदरी क्रम आला आहे. चार पदरांचे वस्त्र दोन पदरांच्या पेटीत घडी करून ठेवायचे आणि परत काढताना एकही पदर फाटू द्यायचा नाही, अशी ही कारागिरी आहे. 'कारकुनी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती एकदा करून दाखवावी.

तिसरा खड्डा कालगणनेचा. दाखल्यावर वर्ष असते २५६७. ते बुद्ध संवताचे. त्यातून ५४३ वजा केले की २०२४ येते. सोपे आहे, असे वाटेल. पण थायलंडने नववर्ष १ जानेवारीला नेले ते १९४१ मध्ये. त्याआधी वर्ष एप्रिलात सुरू होई. म्हणून एखाद्या आजोबांचा जुना कागद असेल आणि जन्म जानेवारी ते मार्च यांतला असेल, तर ५४२ वजा करावे लागतात. अंक थायी लिपीत असतील, तर त्यांचा चार आणि पाच इतका सारखा दिसतो की एका गाठीवरून तारीख बदलते. शिवाय इंग्रजी तारखेच्या शेजारी चांद्र तिथीही असते: चढत्या चंद्राची पंचमी की उतरत्याची, चांद्र महिना कितवा, बारा प्राण्यांच्या चक्रातले वर्ष कोणते. इंग्रजी भाषांतरात ही ओळ हमखास अवघडते, कारण तिच्यासाठी इंग्रजीकडे घरचे शब्द नाहीत. मराठीकडे आहेत. शुद्ध आणि वद्य म्हटले की काम झाले. ज्याने ऐतिहासिक पत्रांचा अभ्यास करताना शकात ७८ किंवा ७९ मिळवले, फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले, सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले, आणि हे 'किंवा' का येते हे समजून घेतले, त्याला बुद्ध संवत अर्ध्या तासात उमगेल. हा अभ्यासक मराठीच्या विभागात असतो. टायपिंगच्या टपरीवर नसतो.

मग आज हे काम करतो कोण? १९५२च्या नोटरी कायद्याचे कलम ८ नोटरीच्या कामांत दस्तऐवजाचे भाषांतर करणे आणि भाषांतर पडताळणे यांचाही समावेश करते. कायद्याने अधिकार दिला. भाषा कुठून द्यावी? तालुक्याच्या ठिकाणी बसणारे वकीलसाहेब थायी, अरबी, रशियन या सर्व भाषांतील भाषांतरे पडताळू शकतील अशी अपेक्षा धरणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. परिणामी शिक्का भाषांतरावर न पडता भाषांतर करणाऱ्याच्या सहीवर पडतो. जर्मनीसारख्या देशांत न्यायव्यवस्थेपुढे शपथ घेतलेले भाषांतरकार असतात, त्यांची यादी असते, चूक झाली तर जाब विचारायला नाव असते. आपल्याकडे अशी सर्वसाधारण, देशभराची व्यवस्था नाही. या रिकाम्या जागेत आता यंत्र आले आहे. फोनचा कॅमेरा थायी कागदावर धरला की क्षणार्धात इंग्रजी मजकूर उमटतो. यंत्राला दोष देण्यात आम्हाला रस नाही. ते पुष्कळदा बरोबर असते आणि दरवर्षी अधिक बरोबर होत जाईल. पण पाटलाचा पातिन झाला आहे हे ओळखायला पाटील ठाऊक असलेला माणूस लागतो. तो माणूस जर आपल्या खोलीत बसून 'भाषांतर ही पुनर्निर्मिती होय' यावर टिपणे देत असेल, तर चूक यंत्राची म्हणावी की त्याच्या रिकाम्या खुर्चीची?

येथे ठरावीक आक्षेप येतात. पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा. वाङ्मयाच्या विभागाने दाखले उतरवीत बसायचे काय? उत्तरादाखल आम्ही त्यांच्याच अभ्यासक्रमाकडे बोट दाखवतो. 'आज्ञापत्र' हे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरचे राज्यकारभाराचे लेखन मराठी गद्याचा आदर्श म्हणून वर्गात शिकवले जाते. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेला राज्यव्यवहारकोश म्हणजे दप्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा उद्योग; त्याचा उल्लेख आला नाही असे भाषाशुद्धीवरचे एकही व्याख्यान होत नाही. फारसी कागद वाचणारा-लिहिणारा तो फारसीनवीस. त्या पदाचे पारसनीस हे आडनाव झाले. ज्या समाजात दस्तऐवजाच्या भाषांतरकाराला दरबारात आसन होते आणि त्याच्या हुद्द्याचे घराणे उभे राहिले, त्या समाजातल्या भाषेच्या पदवीधरांनी त्याच कामाला हलके म्हणावे, यातली विसंगती कुणाला बोचू नये याचे आम्हाला आश्चर्य वाटते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापली. १९२६ साली त्यांचे देहावसान झाले ते आपल्या धुळ्यात, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे राहिले. त्यांनी जमवलेल्या कागदांत काव्य थोडे आणि व्यवहार फार. तीनशे वर्षांपूर्वीचा महजर वाङ्मयाच्या इतिहासात बसतो आणि चालू वर्षाचा जन्मदाखला बसत नाही. मग कागदाला वाङ्मयीन मोल येण्यासाठी त्याला आधी वाळवी लागावी लागते की काय?

खानदेशाने तर उतरवून घेणाऱ्याचा मोठेपणा जवळून पाहिला आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या कागदावर आल्या त्या सोपानदेवांसारख्या घरच्यांच्या हातून, आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आल्या. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. दुसऱ्याचा शब्द आपल्या हातून जाताना त्याला धक्का लागू न देणे, ही शिस्त या दोन्ही ठेवींच्या मुळाशी आहे. ज्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव दिले गेले, त्याच्या परिसरात तरी या शिस्तीला कमी लेखू नये.

दुसरा आक्षेप गरजेचा. असे दाखले येतात किती? गावात वर्षाला एखादा येईल, त्यासाठी विभागाने का राबावे? या आक्षेपाचे उत्तर महाराष्ट्राने नुकतेच अनुभवले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाला. तेव्हा गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी वही एकाएकी सोन्याच्या मोलाची ठरली. त्यातल्या पुष्कळ नोंदी मोडी लिपीत. मोडी वाचणारे हवेत म्हणून प्रशासनाची धावाधाव झाली, आणि तेव्हा दिसले की जी लिपी शतकानुशतके मराठीच्या व्यवहाराची लिपी होती, तिचे वाचक बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. आरक्षणाच्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. एवढेच पाहावे की ज्याला कोणी विचारीत नव्हते ते जन्मनोंदीचे पान एके दिवशी लाखो घरांच्या दारात येऊन उभे राहिले, आणि त्या दिवशी वाचक तयार करायला सवड नव्हती. गरज आधी कळवून येत नसते.

शिवाय कायद्याने जन्मदाखल्याचे वजन आता वाढवले आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी आणि पासपोर्ट यांकरिता जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. २०२५ मध्ये पासपोर्टच्या नियमांतही त्याप्रमाणे बदल झाला. पूर्वी शाळेचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र असे पर्याय होते. एका कागदातली चूक दुसऱ्या कागदाने झाकली जाई. या पिढीला तो आडोसा नाही. तिच्या पहिल्या कागदावर चुकलेले अक्षर पुढच्या प्रत्येक कागदावर निष्ठेने चुकत जाईल. दुरुस्तीची वाट कायद्यात आहे, पण नोंद जिथली, दुरुस्ती तिथली. थायी दाखल्यातले अक्षर सुधारायला पाचोऱ्याहून बँकॉक गाठणे किती घरांना परवडेल?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आणि तो सर्वांत प्रामाणिक. मराठीच्या विभागाला थायी येत नाही. येण्याची शक्यताही नाही. मान्य. पाचोऱ्यात थायी भाषेचा वर्ग उघडा अशी आमची मागणी नाही. मुळातले भाषांतर थायी जाणणाराच करील आणि थायलंडच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का त्यावर पडेल. पण ते इंग्रजीतून नगरपरिषदेच्या मराठी वहीत उतरण्याच्या आधी कोणीतरी शहाण्या माणसाने वाचायला हवे की नको? नाव पासपोर्टशी जुळते का, उपाधी नावात मिसळली नाही ना, सन वजा करून आला आहे का, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात राष्ट्रीयत्वच आहे का, ळ शाबूत आहे का, हे तपासायला थायी यावे लागत नाही. लिपी आणि ध्वनी यांचे नाते, नावांची रचना, कालगणना, अर्थांतर यांचे भान यावे लागते. आणि या चारही गोष्टी मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या ना त्या नावाने आहेतच. त्या उत्तरपत्रिकेत संपतात, ही तक्रार आहे.

तक्रारीबरोबर उपायही सांगितला पाहिजे, नाहीतर हा लेखही चर्चासत्रातला निबंध ठरेल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील एम.ए.च्या पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण घेणे आले, त्याला चार श्रेयांक आहेत. मराठीच्या विद्यार्थ्यांना कोठे पाठवावे, या विवंचनेत विभाग वृत्तपत्रांची आणि ग्रंथालयांची दारे ठोठावीत असतात. नगरपरिषदेचा जन्म-मृत्यू विभाग महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो, त्याचा विचार का होऊ नये? तेथे विद्यार्थ्याने महिनाभर बसावे. इंग्रजीत 'माली' झालेले माळी, नावात मिसळलेले चि. आणि कु., एकाच बाईची तीन कागदांवरची तीन नावे यांचे नमुने नावे झाकून टिपावेत. लिप्यंतराचे दोन पानी नियम तयार करावेत. परदेशी दाखल्यासाठी तपासणीची एक यादी करावी. विभागाने आठवड्यातून एक दुपार 'कागद वाचून मिळेल' अशी पाटी लावून बसावे. प्रश्नपत्रिकेत भाषांतरासाठी ललित उताऱ्याच्या जोडीला एखादा दाखला, एखादे कुलमुखत्यारपत्र, एखादे रुग्णालयाचे टिपण द्यावे. यासाठी अनुदान लागत नाही, मंजुरीची फाईल लागत नाही. लागते ती सोवळे सोडण्याची तयारी.

यावर कुणी म्हणेल की अशाने साहित्याचा विभाग सेवाकेंद्र होईल. आम्हाला उलटे भय वाटते. ज्या विभागाचे आपल्या गावाला काहीच काम पडत नाही, त्याच्या जागा रिकाम्या राहिल्या तर गाव रस्त्यावर येत नाही, आणि मग मराठी वाचवा म्हणून मोर्चे काढावे लागतात. अभिजात दर्जाची कमान वेशीवर उभारली, पण वेशीतून आत येणाऱ्या लेकराचे नाव कमानीखाली बसलेल्या एकालाही धड वाचता आले नाही, तर ती कमान कोणाच्या स्वागताची? पाटलाचे लेकरू बँकॉकहून आले तर त्याने पाचोऱ्याच्या वहीत पाटील म्हणूनच चढावे, आणि त्या ओळीवरून शेवटची नजर मराठीच्या माणसाची फिरलेली असावी. मराठीच्या पदवीकडून एवढी अपेक्षा गावाने ठेवली, तर ती जास्त नाही.